सिगारेट ओढणाऱ्याला ‘जरा बाजूला’ कोणी म्हणायचं?

पाथर्डी फाटा (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी लिहितोय, टंकाळा (टाइप करायचा कंटाळा) झटकून.

आमचे आप्पा, वय ७१. नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत तेहतीस वर्षं काढली. आयुष्यात सिगारेट सोडा, पानातसुद्धा तंबाखू घातली नाही. चार वर्षांपूर्वी जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी फुंकर मारायच्या नळीची तपासणी केली आणि पहिला प्रश्न विचारला, “किती वर्षं ओढता?” आप्पा जे भडकले! मग बोलता बोलता निघालं, की कारखान्यात त्यांच्या डाव्या-उजव्या हाताला बसणारे दोघंही दिवसाला पाकीट संपवणारे. थर्ड शिफ्टला थंडीत शटर बंद असायचं. कंपनीतली धूळ आणि हा धूर, दोन्हीचा वाटा असेल, असं डॉक्टर म्हणाले.

आता मुद्दा. गेल्या मंगळवारी त्यांना तपासणीला नेत होतो. आमच्या सिटीलिंकच्या (शहर बसच्या) थांब्याला चिकटूनच टपरी आहे. गळ्यात आयकार्ड घातलेला एक पोरगा आप्पांपासून दोन हातांवर ओढत उभा. मी म्हटलं, “भाऊ, जरा बाजूला जाता का?” तर म्हणे, “रोड तुमच्या बापाचा आहे का?”

बाप शेजारीच उभा होता. खिशात श्वासाचा पंप चाचपत.

घरी आल्यावर आप्पांनी मलाच झापलं. “कशाला बोलायला गेलास? मी तेहतीस वर्षं नाही बोललो.”

तर प्रश्न असा, की तुम्ही सांगता का? कसं सांगता? की आपणच चार पावलं सरकायचं?

---

कोकमसार

मी सरकते. नाक दाबून, त्याला दिसेल असं. त्यालाही काही वाटत नाही आणि माझा मात्र थांबा सुटतो.

---

भद्रकालीचा भाचा

आपल्याकडे सोपं आहे ना भो. वाऱ्याची दिशा बघायची आणि धुराच्या वरच्या अंगाला उभं राहायचं. गिरणारे, मखमलाबादकडचे लोक द्राक्षांवर औषध मारताना हेच करतात.

---

धूम्रकेतू

मी ओढतो, आयडीवरून कळलंच असेल. त्या पोरानं आप्पांसमोर जे केलं ते चूकच, त्यावर वाद नाही. पण प्रत्येक वेळी सिगारेटवालाच का सापडतो तुम्हाला? द्वारकेच्या सर्कलला दहा मिनिटं सिग्नलला थांबा, रिक्षा आणि ट्रकचा धूर मोजा. सकाळी झाडून काढलेला पालापाचोळा कोपऱ्यावर पेटवतात, त्याला कोणी बाजूला व्हायला सांगत नाही. आणि आम्ही ओढायची कुठे? हॉटेलात नाही, ऑफिसात नाही, घरात बायको ओढू देत नाही (मुलगी झाल्यापासून मी स्वतःच गच्चीवर जातो, खोटं कशाला बोलू). उरतो तो रस्ता. तिथूनही हाकला म्हणजे झालं.

बाकी चालू द्या.

---

ओपीडी नंबर चार

@धूम्रकेतू, ट्रकचा धूर वाईट आहे म्हणून हा धूर चांगला होत नाही हो.

मी छातीच्या विभागात काम करते, म्हणून थोडं सांगते. ओढणारा झुरका घेतो तेव्हा धूर फिल्टरमधून जातो. दोन झुरक्यांच्या मधे सिगारेट बोटात नुसती जळत असते. तिच्या टोकाचा धूर कुठल्याच फिल्टरमधून जात नाही, आणि शेजारच्याच्या वाट्याला येतो तो बराचसा हाच. ओढणाऱ्याला वाटतं, ‘मी तर तोंड वळवून सोडला.’ हातातल्या टोकाचं काय?

१९८१ मध्ये जपानच्या हिरायामा यांचा अभ्यास आला. नवरा ओढतो, बायको ओढत नाही, अशा बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. सिगारेट कंपन्यांनी तो खोडून काढायला खूप धडपड केली, पण पुढचे अभ्यास त्याच दिशेने गेले. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालात तर स्पष्ट म्हटलंय, की दुसऱ्याच्या धुराची ‘एवढा चालेल’ अशी सुरक्षित पातळीच नाही.

उघड्यावर धूर लवकर विरतो, हे खरं. पण दमेकऱ्याला दोन हातांवरचा एक झुरकाही पुरतो. आप्पांनी पंप कायम वरच्या खिशात ठेवावा, पँटच्या खिशात नको. चाचपण्यात वेळ जातो.

---

पाथर्डी फाटा

@ओपीडी, पंपाचं आजच सांगितलं. “शर्टाला खिसा तुझ्या आईनं शिवायला हवा होता” असं उत्तर मिळालं. म्हणजे तब्येत ठीक आहे.

---

वकिलीण

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात, कारण इथे बऱ्याच जणांना तो फक्त पाटीपुरताच माहीत असतो.

२००१ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी घालण्याचा आदेश दिला. ती याचिका आपल्या मुंबईच्या मुरली देवरांची. मग २००३ चा तंबाखू नियंत्रणाचा कायदा आला, ज्याला पोलीस ‘कोटपा’ म्हणतात. त्याचं कलम ४ म्हणजे ही बंदी. २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत.

धूम्रकेतू, हॉटेलात ‘नाही’ असं सरसकट नाहीये. तीस किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा जास्त जणांची बसायची सोय असलेलं उपाहारगृह आणि विमानतळ, यांना ओढण्यासाठी वेगळी बंदिस्त जागा ठेवता येते. हुक्का मात्र तिथेही नाही, महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केली.

आता मूळ प्रश्न. रस्ता हा मोकळा भाग, तिथे वाद घालता येतो. बसस्टँड, थांबा, रेल्वे स्टेशन, स्टेडियम यांचं तसं नाही. २००८ च्या नियमांनी ही ठिकाणं उघड्यावरची असली तरी बंदीत घेतली आहेत. तेव्हा थांबा त्या पोराच्या बापाचाही नव्हता.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. त्या नियमांत सगळा बोजा ओढणाऱ्यावर नाही. जागेचा जो मालक, व्यवस्थापक किंवा प्रमुख असेल त्याने पाटी लावायची, ॲशट्रे-काडेपेटी-लायटर ठेवायचं नाही, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव लिहायचं. तक्रार येऊनही त्याने काही केलं नाही, तर दंड त्यालाही.

---

भद्रकालीचा भाचा

म्हणजे सिटीलिंकच्या थांब्यावर तक्रार कुणाकडे करायची? थांब्याकडे?

---

पासहोल्डर

वकिलीणबाईंच्या मुद्द्यावरून आठवलं. रेल्वेचा १९८९ चा कायदा बघा, कलम १६७. डब्यात दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर ओढायचं नाही. दंड शंभर रुपयांपर्यंत. म्हणजे ज्याला खोकला येतोय त्यानेच आधी भांडण अंगावर घ्यायचं, मग कायदा त्याच्या मागे उभा राहणार. (रेल्वेला स्वतःहूनही डब्यात बंदी करता येते, ते वेगळं.)

मी पंचवटी एक्सप्रेसने अठरा वर्षं नाशिकरोड ते दादर केलं. सुरुवातीला दाराशी धुराचा पडदा असायचा, इगतपुरी आली की तो दाट व्हायचा. मी हरकत घेऊन बघितली, एकदा. पुढचे दोन महिने त्या ग्रुपने मला चौथी सीट (तिघांच्या बाकावर टेकण्यापुरती जागा) दिली नाही.

नंतर पासधारकांनी मिळून आदर्श डबा चालवला. पत्ते नाहीत, मोठ्याने बोलणं नाही, धूर नाही. तिथे मात्र एकट्या माणसाला कधी बोलावं लागलं नाही. कोणी पाकीट काढलंच तर आठ-दहा जण नुसते वर बघायचे, पेपरावरून. बस्स. पाकीट परत खिशात.

हे माझं वैयक्तिक मत, सांगणारा एकटा असला की ते भांडण होतं.

---

निफाडचा थंडा

इथे पारा खाली गेला की तोंडातून सगळ्यांच्याच धूर निघतो. पोलीस पावती कुणाची फाडणार?

---

डबल बेल

एसटीत वाहक होतो, एकतीस वर्षं. नाशिक-कळवण, नाशिक-सुरगाणा, मधली काही वर्षं पुणे. त्यामुळे ‘कसं सांगायचं’ यावर थोडा अधिकार आहे, असं समजून लिहितो.

साधारण ८७-८८ ची गोष्ट. कळवणची मुक्कामी गाडी. दिंडोरीच्या पुढे मागच्या सीटवर एका बाबांनी विडी पेटवली. शेजारी ओली बाळंतीण, मांडीवर पोर. गाडीत ‘धूम्रपान करू नये’ ही पाटी बाबांच्या डोक्याच्या बरोबर वर. मी म्हणालो, “बाबा, इझवा.” बाबा म्हणाले, “अर्धीच ऱ्हायलीये.”

मी वाद घातला नाही. सिंगल बेल दिली. गाडी थांबली. अंधार, आजूबाजूला नुसती शेतं. म्हणालो, “बाबा, खाली उतरून निवांत संपवा. संपली की डबल बेल देतो. घाई नाही.”

एक मिनिट कोणी बोललं नाही. मग पुढून एक जण ओरडला, “ओ बाबा, शेवटची गाडीये ही!” मग दुसरा. मग बायका. बाबांनी विडी सीटच्या दांडीवर विझवली, कानामागे खोचली आणि मला म्हणाले, “मास्तर, द्या बेल.”

डबल बेल दिली, गाडी हलेना. पुढे जाऊन बघतो तर ड्रायव्हर थांबल्याचा फायदा घेऊन खाली उतरलेला आणि चाकापाशी स्वतःची पेटवून उभा!

पासहोल्डर म्हणतात ते खरं आहे. पण माझ्याकडे घंटीची दोरी होती, हेही खरं. प्रवाशाकडे काय असतं?

---

कोकमसार

ड्रायव्हर!! हसून हसून पुरेवाट. 😄

---

सिन्नरची माहेरवाशीण

धागा दोनदा वाचला, लिहू की नको असं झालं होतं.

माझी आई विड्या वळायची. सिन्नरला आमच्या आळीत घरटी एक तरी बाई वळायची. आत्ता तिथे एमआयडीसी म्हणतात, तेव्हा गावाचं नाव विडीवर होतं. रात्री तेंदूची पानं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, म्हणजे सकाळी कापताना फुटत नाहीत. पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीने कापायचं. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि बोटं चालू. चिमूट भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. पंचवीस विड्यांचा कट्टा. दिवसाला सातशे, फार तर आठशे. मजुरी हजारावर, म्हणजे हजारही होत नसत. त्यातून तपासणारा खराब म्हणून बाजूला काढेल त्याचे पैसे नाहीत, आणि त्या विड्या परतही मिळत नसत. त्या कुठे जायच्या हे आईने एकदाच विचारलं. पुढच्या आठवड्यात तिला पानंच कमी मिळाली.

आईने एकही विडी ओढली नाही. पण उन्हाळ्यात दुपारी पंखा लावता यायचा नाही, तंबाखू उडते म्हणून. लावला नाही तरी खकाणा उडायचाच. माझा धाकटा भाऊ त्याच खोलीत झोळीत झोपायचा. आम्हाला वाटायचं, सगळ्यांच्याच घरात सकाळी उठून शिंका येतात. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा कळलं, की नसतात येत.

माझी आठवीपासूनची पुस्तकं विडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीतून आली. त्यामुळे मी बंदीच्या विरोधात नाही आणि बंदीच्या बाजूने टाळ्याही वाजवू शकत नाही. ‘इतरांवर परिणाम’ म्हणताना थांब्यावरचा माणूस जसा मोजता, तसा सुपापाशी बसलेलाही मोजा, एवढंच म्हणायचंय.

---

ओपीडी नंबर चार

माहेरवाशीण, आईंची तब्येत कशी आहे आता? कधी छातीचा फोटो काढलाय का?

---

सिन्नरची माहेरवाशीण

आहे बरी. गुडघे गेलेत, छाती ठीक आहे. हात रिकामे राहत नाहीत, कुरडयांचा चीक नसला तर वाती वळत बसते. वळायचं सुटत नाही.

---

मु. पो. जेलरोड

सगळे धुराच्या मागे लागलात, पिचकाऱ्यांचं काय? आपल्या राज्यात ओढणारे मुळात कमीच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू घेणारे २६.६ टक्के आणि ओढणारे ३.८ टक्के. बाकी सगळे मळणारे, चघळणारे. गुटखा २०१२ पासून बंद आहे म्हणे. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये येऊन बघा, कोपऱ्यात रोज नवी रांगोळी. मी देवांच्या टाइल्स लावून घेतल्या. आता देवाच्या वर एक वीत सोडून थुंकतात. श्रद्धा आहे बरं का.

---

भद्रकालीचा भाचा

आणि सिंहस्थाला काय करणार आहात? तपोवनात साधुग्राम उभं राहिलं की प्रत्येक तंबूसमोर धुनी आणि चिलीम. जा, दोनशेची पावती फाडून दाखवा. शाप मिळेल तो वेगळा.

---

वकिलीण

चिलमीत काय आहे त्यावर ठरेल. तंबाखू असेल तर २००३ चा कायदा, गांजा असेल तर १९८५ चा अमली पदार्थांचा. दुसऱ्यात दोनशेवर भागत नाही.

---

धूम्रकेतू

बघा, चिलमीवाल्याला शाप द्यायचा अधिकार, लिफ्टवाल्याला देवाची सोबत. आमच्या नशिबी नुसता पाथर्डी फाट्याचा धागा.

जाऊ दे. सिन्नरच्या ताईंचा प्रतिसाद वाचून मात्र हातातली विझवली. थोड्या वेळासाठी.

---

जुनी कोर्टगल्ली

धाग्याला इतके फाटे फुटले की मूळ प्रश्न कोणता होता ते वर जाऊन बघावं लागलं.

---

कटिंग

इथे मी नेहमी वाचतो, लिहीत नाही. आता लिहितो. माझी टपरी आहे. कुठे ते सांगत नाही, नाहीतर उद्या वकिलीणबाई शंभर यार्ड मोजायला टेप घेऊन येतील. (शाळा-कॉलेजपासून लांब आहे, काळजी नसावी.)

तुम्ही सगळे ओढणारा आणि ओढत नसलेला एवढ्या दोघांचंच बोलताय. मधे मी आहे. सकाळी सहा ते रात्री दहा. मी ओढत नाही, पण दिवसभरात माझ्याएवढा धूर कुणी खात नसेल. रात्री जेवताना वरणाला वास येत नाही. २०२० मध्ये राज्यात सुट्टी सिगारेट विकायला बंदी आली. आता सांगा, चहाबरोबर अख्खं पाकीट कोण घेतं? सुट्टी द्यावी तर कायदा मोडतो, न द्यावी तर गिऱ्हाईक पुढच्या टपरीवर. मी काय करतो ते लिहीत नाही.

तर पाथर्डी फाटा भाऊ, तुमच्या प्रश्नावर. माझ्याही टपरीशेजारी थांबा आहे आणि माझंही रोज भांडण व्हायचं. लोक मला म्हणायचे, “गिऱ्हाइकाला हाकला.” मी कसा हाकलू, तो पैसे देतोय. एक दिवस बसून बघत राहिलो, की हे सगळे थांब्याच्याच अंगाला का उभे राहतात? दुसरीकडे सावली आहे, जागा आहे. मग ट्यूब पेटली. लायटर! पूर्वी जळती सुतळी लटकायची, आता दोऱ्याला लायटर बांधतो. तो मी थांब्याच्या बाजूच्या खांबाला बांधला होता. माणूस सिगारेट घेतो, लायटरपाशी जातो, पेटवतो आणि तिथंच उभा राहतो. पेटवल्यावर कोणी चार पावलं चालत नाही.

लायटर सोडला आणि मागच्या बाजूला, नाल्याकडे बांधला. रिकामा तेलाचा डबा तिथेच ठेवला थोटकांसाठी. कोणाला एक शब्द बोललो नाही. दोन दिवसांत सगळे नाल्याकडे.

---

डबल बेल

वा! ही खरी घंटीची दोरी.

---

वकिलीण

कटिंग, टेप आणत नाही, चहा प्यायला येते. (नियमाने लायटर ठेवणंच... असो. आज मी सुट्टीवर आहे.)

---

पासहोल्डर

कटिंग यांनी एका वाक्यात आमची अठरा वर्षं गुंडाळली. ‘पेटवल्यावर कोणी चार पावलं चालत नाही.’ तो दाराशीच का उभा असायचा ते आज कळलं. काडी लावायला आडोसा तिथेच मिळायचा.

---

पाथर्डी फाटा (पुढचा शनिवार, सकाळी ११.०५)

उशीर झाला, माफी.

कटिंग यांचा प्रतिसाद आप्पांना वाचून दाखवला. म्हणाले, “चल.” गेलो आमच्या टपरीवर. मी बोलायला तोंड उघडतोय तोवर आप्पांनी दोन चहा सांगितले आणि टपरीवाल्याला गाव विचारलं. तो नांदगावचा निघाला, आप्पांचं आजोळ मनमाडचं. अर्धा तास पाण्याच्या टँकरवर बोलणं झालं. लायटरचा विषय निघाला तेव्हा आम्ही उठायच्या बेतात होतो. तो म्हणाला, “एवढंच ना काका?” आणि आमच्यासमोर गाठ सोडली.

तिसऱ्या दिवशी लायटर चोरीला गेला. मागच्या बाजूला लक्ष राहत नाही, म्हणे. परत पुढे बांधायला निघाला होता. आप्पांनी घरातून सायकलच्या कुलपाची जुनी साखळी नेऊन दिली.

काल परत तपासणीची तारीख होती. थांब्यावर उभे होतो. एक पोरगा (तो नव्हे, दुसरा) सिगारेट घेऊन आमच्या बाजूला आला, सवयीने खांब चाचपला, इकडे-तिकडे बघायला लागला. मी गप्प. आप्पा त्याला म्हणाले, “लायटर तिकडे आहे.”

तो “थँक्यू काका” म्हणून गेला.

---

कोकमसार

आप्पांना साष्टांग!

---

भद्रकालीचा भाचा

आता टपरीवाला आप्पांना पगार चालू करेल ना भो.

---

धूम्रकेतू

सोमवारी तिकडून जाणार आहे. लायटर थांब्याच्या कुठल्या अंगाला आहे, ते नीट सांगून ठेवा.